नुसतं कालवण

दिवाळी झाली की आमचा पाडा रिकामा व्हायला लागतो. भात झोडून झालेलं असतं, नागली कणगीत पडलेली असते, आणि ती किती महिने पुरेल याचा अंदाज घरोघरच्या बायांना आलेला असतो. मग टेम्पो येतात. कोणी भिवंडीकडं वीटभट्टीवर जातं, कोणी वसईकडं, आणि आम्ही ठाण्याला इमारतींच्या कामावर. टेम्पोत गोधड्या, हंडे, कोंबड्या आणि पोरं एकदमच चढतात. मागं राहतात म्हातारी माणसं आणि कुत्री.

लग्न झाल्यापासून आठ दिवाळ्या मी त्या टेम्पोत चढले. त्या कामाबद्दल माझी फार तक्रार नव्हती. वाळूची घमेली उचलायची, विटा वर पोचवायच्या, आठवड्याला पैसे हातात पडायचे. मी दहावीपर्यंत आश्रमशाळेत शिकलेली, त्यामुळं हजेरीच्या वहीत माझं आणि नवऱ्याचं नाव मी स्वतः तपासून बघायची, एवढाच काय तो माझ्या शिक्षणाचा उपयोग. पण नवव्या वर्षी मी गेले नाही. त्याला कारण झाली माझी मुलगी.

आदल्या वर्षीच्या जूनमध्ये तिचं नाव पहिलीत घातलं होतं. दिवाळीपर्यंत ती सगळी मुळाक्षरं काढायला लागली होती. मग आम्ही तिला ठाण्याला नेलं. तिथं सुरुवातीला ती वाळूच्या ढिगावर बोटानं क, ख, ग काढायची. काही दिवसांनी नुसतीच वाळूत खेळायला लागली. पुढच्या जूनमध्ये शाळा सुरू झाली तेव्हा बाईंनी तिला परत पहिलीच्या नव्या पोरांत बसवलं. घरी येऊन ती मला म्हणाली, "आई, माझी अक्षरं ठाण्याला राहिली."

ती रडत नव्हती. चप्पल विसरल्यासारखं सांगत होती. तेच मला लागलं.

दिवाळीनंतर नवऱ्याला मी सांगितलं, "या साली मी येत नाय."

"मग खाशील काय?"

"नागली हाय."

"ती माघापर्यंत. पुढं?"

तो चिडला नाही. चिडला असता तर मला भांडता तरी आलं असतं. त्यानं आपलं गाठोडं बांधलं आणि म्हणाला, "बरं. शिमग्याला येतो. तवर बघ काय जमतं ते."

घरात राहिलो आम्ही तिघी. मी, मुलगी आणि माझी सासू. आमच्याकडं सासूला अहो-जाहो करत नाहीत. मी तिला आये म्हणते, ती मला पोरी म्हणते. तिचा उजवा गुडघा तीन वर्षांपासून धरलेला, म्हणून तिचं कामावर जाणं आधीच बंद झालं होतं. तोंडात पाच-सहाच दात शिल्लक. पण बोलणं असं, की समोरच्याला हसावं की रागवावं ते कळू नये.

निराधारांना सरकारकडून दरमहा मिळतो तो पगार तिला चालू व्हायचा होता. त्याचे कागद द्यायला आम्ही दोघी मोखाड्याला निघालो. सकाळी सातला घर सोडलं, तिच्या गुडघ्याच्या चालीनं सडकेपर्यंत तासभर चाललो, मग जीप. कचेरीत गेलो तर खिडकीतल्या माणसानं सांगितलं, "कागद ठीक आहेत आजी. पण सही करणारे साहेब गावात गेलेत, दुपारी येतील. थांबा." नीट बोलला बिचारा. त्याला तरी काय करता येणार होतं!

आम्ही फडक्यात भाकऱ्या आणल्या होत्या आणि मिरचीचा ठेचा. बसायला जागा म्हणून समोरच्या हॉटेलात गेलो. दोन चहा सांगितले आणि फडकं सोडलं. तोच गल्ल्यावरचा मालक म्हणाला, "मावशी, घरचं खायला इथं बसता येणार नाय. गिऱ्हाईक उभं हाय."

ते खरंच होतं. दारात वडापाव घ्यायला माणसं उभी होती. सासूनं फडकं परत बांधलं, चहाचा ग्लास हातात घेतला आणि आम्ही कचेरीच्या मागल्या बाजूला करंजाच्या झाडाखाली जाऊन बसलो. तिथं बघितलं तर पंधरा-वीस माणसं आमच्यासारखीच. कोणी दाखल्यासाठी आलेलं, कोणी रेशन कार्डात सुनेचं नाव घालायला, कोणी जमिनीच्या मोजणीसाठी. सगळ्यांनी आपापली फडकी सोडलेली. सगळ्यांच्या भाकऱ्या पहाटेच्या, म्हणजे दुपारपर्यंत पापुद्रे सुटून कडक झालेल्या. सासूला ती चावेना. तिनं तुकडा चहात बुडवला. नागलीची भाकरी गोड चहात कशी लागते ते तिच्या तोंडावरून मला दिसत होतं.

शेजारी एक म्हातारा बसला होता. त्यानं हातातली भाकरी थांबवून विचारलं, "बाय, वाईच कालवण हाय का तुमच्याकडं?"

सासू म्हणाली, "असतं तर मी कशाला चहात बुडवते? तुलाच विकलं असतं."

आजूबाजूची माणसं हसली. म्हाताराही हसला. म्हणाला, "घेतलं असतं हो. आठवड्यातनं तिसऱ्यांदा आलोय. भाकर घरची हाय, पण ती घशाखाली जायाला कायतरी ओलं लागतं ना."

साहेब चारला आले, सही झाली. परतीच्या जीपमध्ये सासू डोळे मिटून बसली होती. गुडघा दुखत असेल असं मला वाटलं. सडकेला उतरून पाड्याकडं चालायला लागलो तेव्हा ती मधेच थांबली.

"पोरी, कालवण विकायचं."

"कोणाला?"

"त्या करंजाखालच्या माणसांना. भाकर नाय, भात नाय. नुसतं कालवण."

मला हसूच आलं. कालवण कोणी विकतं का? ठाण्याला मी सगळ्या प्रकारची हॉटेलं बघितली होती, पण नुसतं कालवण विकणारं एकही बघितलं नव्हतं. मी म्हटलं, "आये, विकायचं तर भाकरीबरोबर विकू. थाळी करू."

"भाकर तर त्यांच्याकडं हाय. जे हाय ते कोण विकत घेल? जे नाय ते विकायचं."

पुढं मी खूप विचार केला. माझ्या दहावीच्या शिक्षणाला जे दिसलं नाही, ते तिला एका कडक भाकरीवरून दिसलं होतं.

आमच्याकडं उडदाचं कालवण करतात. उडीद भाजायचे, जात्यावर भरडायचे, लसूण-मिरची वाटून घालायची आणि चुलीवर रटरटू द्यायचं. उडीद आमच्याच माळावरचे होते. बाजाराच्या दिवशी पहाटे मोठा टोप भरून कालवण केलं, तोंडाला फडकं बांधलं आणि जीपवाल्याच्या पाया पडून टोप मागच्या सीटखाली ठेवला. मुलगी शाळेत जाऊन संध्याकाळपर्यंत शेजारच्या आजीकडं राहणार होती.

करंजाखाली आम्ही टोप मांडला. सासूनं फडकं सोडलं. लसणाचा वास सुटला. माणसांनी माना वळवल्या. एकजण उठून आला, दुसरा आला. आणि तेव्हा आम्हा दोघींच्या एकदमच लक्षात आलं, की कालवण द्यायचं कशात? माणसं फडक्यात भाकरी बांधून आणतात, वाटी कोण आणतं? आमच्याकडं पळी होती आणि घरच्या चार थाळ्या. चौघं जेवायची, मी लांबच्या नळावर थाळ्या धुवून आणायची, मग पुढचे चौघं. बाकीची माणसं वाट बघून कोरडी भाकरी खाऊन कचेरीत निघून गेली. अर्धा टोप कालवण परत आणलं. पाड्यावर त्या संध्याकाळी सगळ्यांनी उडदाचं कालवण खाल्लं.

मी हिरमुसले होते. सासू मात्र दुसऱ्या दिवशी गुडघ्याला फडकं बांधून पळसाची पानं तोडायला गेली. ओट्यावर पाय पसरून बसली आणि गवताच्या काड्या टोचत दिवसभर द्रोण लावत राहिली. पुढच्या बाजाराला आमच्याकडं टोपलीभर द्रोण होते. दहा रुपयांना एक द्रोण, आणि संपला तर थोडं वरून. दुपारी दोनच्या आत टोप रिकामा झाला. मग आम्ही आठवड्यातून तीन दिवस जायला लागलो.

आमचं पहिलं भांडण पैशावरूनच झालं, पण वाटणीवरून नाही. सासूला पैसे मागता यायचे नाहीत. विकायची कल्पना तिचीच, पण समोर माणूस आलं की तिची जीभ अडायची. आमच्या पाड्यावर जेवणाच्या वेळी कोणी दारात आलं तर त्याला बसवतात, पैसे कोणी घेत नाही. समोरची माणसं तर आमच्याच डोंगरातली, कोणी नात्यातलं निघायचं, कोणी माहेरच्या गावाचं. ती द्रोण भरून द्यायची आणि दुसरीकडं बघायची. माणसं आपणहून पैसे ठेवायची, काही ठेवायची नाहीत. ठेवले नाहीत तरी ती काही म्हणायची नाही.

एक दिवस एक बाई आली, दोन पोरं बरोबर. लांबच्या पाड्यावरची होती, बोलण्यावरून कळत होतं. तिच्याकडं भाकरीही नव्हती. सासूनं तिला आमच्या फडक्यातली भाकरी दिली आणि तीन द्रोण भरून दिले. जीपमध्ये मी म्हटलं, "आये, आज जीपचं भाडं जाऊन हातात कायच नाय राहिलं. असं चालणार कसं?"

"पोरं भुकेली होती."

"माझीही पोरगी हाय. तिच्यासाठीच हे चाललंय ना?"

दोन दिवस ती माझ्याकडं पाठ करून द्रोण लावत बसली. मलाही वाईट वाटत होतं, पण मी खोटं बोलले नव्हते. पुढच्या आठवड्यात ती पोरांची आई परत आली. पदराच्या गाठीत दोन-तीन ओंजळी उडीद घेऊन आली होती. म्हणाली, "पैसा नाय माझ्याकडं. हे चालतील का?"

सासूनं माझ्याकडं बघितलं. मी उडीद हातात घेतले. चांगले होते, किडका दाणा नव्हता. आमच्या घरचे उडीद संपत आले होते आणि बाजारातनं आणायचे तर त्याचा भाव मला झेपत नव्हता. मी तिला सांगितलं, "चालतील. आणखी असतील तर आण."

तेव्हापासून आमच्याकडं दोन्ही चालायला लागलं. ज्याच्याकडं पैसे असतील त्यानं पैसे द्यावेत, ज्याच्याकडं नसतील त्यानं उडीद, लसूण, मिरच्या, काहीही आणावं. आणि पैसे मागायचं काम मी घेतलं. सासू वाढायची, मी हात पुढं करायची. सुरुवातीला मलाही लाज वाटायची. मग वाटेनाशी झाली. हे काम चाललं तरच उद्याचा टोप चढेल, हे माणसांनाही कळत होतं.

पौषात एक गंमत झाली. तेव्हा ती गंमत नव्हती. जीप वळणावर होती, समोर म्हशी आल्या, ड्रायव्हरनं ब्रेक मारला आणि आमचा टोप आडवा झाला. सगळं कालवण समोर बसलेल्या एका तरुणाच्या पायांवर. पांढरी पँट, नवे बूट. तो मुलगी बघायला चालला होता. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तो बिचारा उभा राहायला बघत होता आणि जीपच्या टपावर डोकं आपटून घेत होता. सासू म्हणाली, "बस रे बाबा. आता तर पोरगी हो म्हणणारच. अंगाला घरच्या जेवणाचा वास येतोय." सगळी जीप हसली. तोही हसला. त्याचं लग्न जमलं की नाही ते आम्हाला कधीच कळलं नाही. ड्रायव्हर मात्र हसला नाही. त्यानं सांगितलं, यापुढं टोप गाडीत घेणार नाही.

त्या दिवशी आम्ही रिकामा टोप घेऊन करंजाखाली बसलो. परतीची जीप दुपारशिवाय नव्हती. माणसं येऊन बघून जात होती. मी सगळ्यांना तेच तेच सांगत होते, सांडलं, आज नाही. मनात म्हणत होते, संपलं आता. शिमग्याला नवरा येईल आणि त्याच्याबरोबर मला जावं लागेल.

तेवढ्यात समोरून तो हॉटेलवाला आला. घरचं खायला बसू नका म्हणणारा. मला वाटलं, हा आता भांडायला आला. इतके दिवस आम्ही त्याच्या समोर बसून विकत होतो, कधीतरी तो येणारच होता.

"आज का नाय कालवण?" त्यानं विचारलं.

"सांडलं."

तो उकिडवा बसला. म्हणाला, "तुम्ही बसता त्या दिवशी माझा दुपारचा चहा दुप्पट जातो. तिखट खाल्लं की माणसाला चहा लागतो. आज बघा, ग्लास कोरडे पडलेत." मग म्हणाला, "हॉटेलच्या मागं माझी पडवी हाय, लाकडं ठेवतो ती. तिथंच चूल मांडा. गाडीत सांडायची भानगडच नको."

मी लगेच हो म्हणणार होते. सासूनं माझ्या मांडीवर हात ठेवला.

"भाडं काय घेशील?"

"भाडं नको. माझी भांडी घासून द्या."

"तुझी भांडी तूच घास. आम्ही तुला रोज दुपारी कालवण देऊ. घरची बाय नाय ना तुझी इथं? वडे खाऊन खाऊन तोंड बघ कसं झालंय."

तो हसला. खरंच त्याची बायकोपोरं गावाला होती. "बरं," तो म्हणाला.

"आणखी एक. घरची भाकर घेऊन आलेल्या माणसाला तुझ्या बाकड्यावर बसू द्यायचं."

यावर त्यानं आपली रिकामी बाकडी बघितली. करंजाखालच्या माणसांकडं बघितलं. मग म्हणाला, "चहा घेतला तर."

"घेतील," सासू म्हणाली.

मी आजवर ठेकेदारांची बोलणी बघितली होती. बोलणाऱ्या दोघांनाही हवं ते मिळालं, असं मी त्या दिवशी पहिल्यांदा बघितलं.

पडवीत चूल मांडली. द्रोणांची पानं संपायला आली तशा मी स्टीलच्या वाट्या घेतल्या, एका वेळी सहा-सहा. आता रोजच जायला लागलो. मुलगी शाळेत टिकली. माघात नागली संपली, तेव्हा तांदूळ आणायला माझ्याकडं पैसे होते. कमी होते, पण माझे होते, आणि ते मागायला मला कोणाकडं जावं लागलं नाही. फाल्गुनात विहिरी खाली गेल्या. पाण्यासाठी मला मोखाड्यात दोन-दोन फेऱ्या कराव्या लागायच्या. मग गिऱ्हाइकंच येताना आपल्या बाटलीतलं उरलेलं पाणी वाट्या धुवायला ठेवून जायला लागली.

शिमग्याला नवरा आला, तो घरी न जाता थेट मोखाड्याला उतरला. आम्ही दोघी तिथं बसतो, एवढंच कोणीतरी फोनवर त्याला सांगितलं होतं. पाठीवर पिशवी घेऊन तो हॉटेलच्या दारात उभा. आत बाकड्यांवर माणसं, फडकी सोडलेली, वाट्या समोर. सासू पळी घेऊन, मी पैसे घेत. त्याला बघून मला इतका आनंद झाला, की मी सुट्टे द्यायचे विसरले. पण त्याचा चेहरा काही खुलला नाही.

घरी जाताना तो म्हणाला, "मी तिकडं एकटा घमेली उचलतोय. वाटलं, इकडं तुमचे हाल चाललेत. आणि इथं तर जत्रा."

"मग चांगलं नाय का?"

"चांगलं हाय." थोडं चालून तो म्हणाला, "माझी गरजच नाय वाटतं तुम्हाला."

आठ वर्षं आम्ही एकमेकांशेजारी उभं राहून काम केलं होतं, आणि आता मी एक काम केलं होतं ज्यात तो नव्हता. त्याचं दुखणं मला कळत होतं. पण त्यासाठी माझं काम मला लहान करायचं नव्हतं. सासू पुढं चालली होती. ती मागं न बघता म्हणाली, "गरज कशी नाय? खाली बसून वाढताना माझा गुडघा मोडतोय. एवढ्या मोठमोठ्या इमारती बांधल्यास, आईला एक चुलीचा ओटा बांध."

दुसऱ्या दिवशी तो अर्धं पोतं सिमेंट घेऊन आला. दोन दिवस खपून त्यानं पडवीत कमरेएवढा ओटा बांधला, वर दोन चुली, खाली लाकडांना जागा, धूर जायला भिंतीत भोक. हॉटेलवाला बघत उभा राहिला आणि म्हणाला, "माझ्या मोरीचंही करून दे ना. पैसे देतो." नवऱ्यानं ते केलं. मग समोरच्या दुकानदारानं पायरी करून घेतली. होळी झाल्यावर तो ठाण्याला गेला, पण जाताना म्हणाला, "इथंही गवंडी लागतात की." हे त्यानं स्वतःशीच म्हटल्यासारखं म्हटलं. पुढच्या दिवाळीनंतरही तो गेलाच. एकदम कुठलंही काम सोडता येत नाही. त्याच्या पुढच्या वर्षी आमच्या आजूबाजूच्या पाड्यांवर घरकुलं मंजूर झाली, आणि ज्यांची झाली त्यांना बांधणारा माणूस मिळेना. तेव्हा तो थांबला. आता सायकलवर ओळंबा आणि थापी अडकवून सकाळी निघतो, संध्याकाळी घरी असतो. कधी काम असतं, कधी पंधरा-पंधरा दिवस नसतं. ठाण्याला रोज होतं. हे त्याला खटकतं, आणि तो ते लपवत नाही.

दुसऱ्या हिवाळ्यात आमच्याच पाड्यावरची एक बाई आली आणि करंजाखाली, आमच्या जुन्या जागेवर, टोप मांडून बसली. तिच्या टोपात सुकटीचं कालवण होतं. मला इतका राग आला, की हातातली वाटी मी आपटूनच ठेवली. इतके दिवस आम्ही उन्हात बसलो, लाज गिळली, आणि आता हिनं आयतं बघून उचललं. मी सासूला म्हटलं, "जाऊन सांग तिला, दुसरीकडं बस."

सासू गेली. मी लांबून बघत होते. तिनं पळीभर कालवण हातावर घेतलं, चाटलं, काहीतरी बोलली. दोघी हसल्या. ती परत आली.

"काय सांगितलंस?"

"आमसूल कमी हाय म्हटलं. सुकटीला आंबट लागतं."

"आये!"

"तिची पोरगी दुसरीत हाय ना? तीही या साली टेम्पोत चढली नाय." मग चुलीत लाकूड सारत ती म्हणाली, "आणि रोज उडीद खाऊन माणसं कंटाळायला लागलीत. तुला दिसत नाय, मला दिसतं. सुकट इथंच मिळाली तर ती उठून दुसरीकडं तर नाय ना जाणार?"

मला पटायला एक महिना लागला. आमची गिऱ्हाइकं थोडी कमी झाली, हे खोटं नाही. पण दोन्ही कालवणं अर्धी-अर्धी घेणारी माणसंही निघाली, आणि शेवटी हॉटेलवाल्यानं तिलाही पडवीत जागा दिली. आता ओट्यावरची दुसरी चूल तिची आहे. उडीद आणि सुकट आम्ही एकत्रच आणतो, त्यानं भाव बरा पडतो. पावसात आम्ही तिघी बंद ठेवतो. लावणीच्या दिवसांत कचेरीतही कोणी येत नाही आणि आम्हालाही आपापल्या शेतात चिखलात उभं राहायचं असतं. भात कापून झालं की परत चुली पेटतात.

पाड्यावरून अजूनही टेम्पो जातात. या दिवाळीनंतर आमच्या पाड्यावरनं तीन गेले, पूर्वी पाच जायचे. जाणाऱ्यांना मी काही सांगत नाही. मीही गेलेली आहे.

मागच्या महिन्यात सासूचा गुडघा फारच सुजला म्हणून नवरा तिला जव्हारच्या दवाखान्यात घेऊन गेला. डॉक्टरांनी गोळ्या दिल्या, जिने चढू नको म्हणून सांगितलं. आमच्या घराला जिना नाही, त्यामुळं ते तिला सोपं गेलं. मी संध्याकाळी घरी आले तेव्हा ती ओट्यावर पाय पसरून बसली होती. मी विचारलं, "काय म्हणाले डॉक्टर?"

"डॉक्टरचं जाऊ दे. तू कधी त्या दवाखान्याच्या आवारात सकाळची बसलीस का?"

"नाय."

"बाळंतिणीची माणसं येतात, तापाची पोरं घेऊन आया येतात. कुठनं कुठनं येतात. पार साखरशेतकडची एक बाय भेटली मला. तिची सून बाळंत झालेली. दोन दिवस ती म्हातारी चहा-बिस्किटावर. बाळंतिणीला दवाखान्यातनं मिळतं, पण जो बरोबर आलाय त्याचं काय?"

"मग त्यांना कालवण?"

ती माझ्याकडं अशी बघायला लागली, जणू इतक्या वर्षांत मी काहीच शिकले नाही. "दवाखान्यात आलेलं माणूस तिखट खाईल का? घाबरलेल्या माणसाला भूकच नसते. त्याला पेज पायजे. कणीची, गरम, मीठ घातलेली. हातात वाटी धरली तरी बरं वाटतं."

नवरा आतनं म्हणाला, "आये, मोखाडा काय कमी हाय? जव्हारला रोज कोण जाणार?"

"मी कुठं म्हटलं मी जाणार? मला डॉक्टरनं आराम सांगितलाय." मग तिनं मला विचारलं, "तुझी ती बहीण जव्हारलाच असते ना? काय करते हल्ली?"

माझी धाकटी बहीण गेल्या वर्षी बोईसरची कंपनी बंद झाल्यापासून घरीच होती. मी फोन घेऊन मागच्या टेकडीवर गेले, कारण घरात रेंज येत नाही. ऊन अजून थोडं शिल्लक होतं. खाली अंगणात मुलगी शेजारच्या पोरांना वही घेऊन कसली तरी शिकवणी देत होती आणि त्यांच्यावर ओरडत होती. बहिणीनं फोन उचलला. मी तिला म्हटलं, "ऐक, तुमच्याकडं भात गिरणीवर तांदळाची कणी काय भावानं देतात, जरा विचारून सांगशील?"

"कशाला? कोंबड्यांना?"

"नाय गं," मी म्हटलं आणि तिथंच दगडावर बसले, कारण हे तिला पहिल्यापासून समजावून सांगावं लागणार होतं.